आजी वारल्याचं सभेत ठरलं

ता. ६ ऑक्टोबर

मी मेले, हे मला शेजारच्या शिंपिणीकडून कळावं, ही कुठली रीत? घरात माणूस गेलं तर आधी घरच्यांना सांगतात. इथे तर गेलेल्या माणसालाही कोणी सांगितलं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी दुकानात धुवायला आलेल्या दवाखान्याच्या चादरी वेगळ्या करत बसले होते. शिंपीण दारात आली, मला बघून पांढरीफटक पडली आणि नेहमी दातांत धरते ती सुई तशीच राहिली. मी म्हटलं, आत ये नाहीतर बाहेर जा, सुई गिळू नको. तेव्हा म्हणाली की ती तुझ्या प्रचाराच्या सभेहून येते आहे आणि तिथे तू सांगितलंस की मी तीन आठवड्यांपूर्वी वारले. शांतपणे, झोपेत. अगं, मारायचंच होतं तर निदान कुणाशी भांडता भांडता तरी मारायचंस. झोपेत मरायला मी काय तुझा आजोबा आहे?

रविवारी लोक फुलं घेऊन आले. हॉटेलच्या मॅनेजरने माणूस पाठवून विचारलं की टॉवेल आता दुसरीकडे द्यायचे का. एका बाईने तर माझाच हात हातात घेतला आणि गेल्या त्या तुमच्या कोण म्हणून मलाच विचारलं. मी म्हटलं, फार जवळच्या होत्या, पण स्वभावाने वाईट.

आता मायना. चि. थोरलीस आजीचे आशीर्वाद. जिवंत बाईचे आहेत, जपून वापर.

शिंपिणीने तुझं भाषण तोंडपाठ म्हणून दाखवलं. मी म्हणे मरताना तुझा हात धरून सांगितलं की पडलीस तर पुन्हा ऊठ. असलं मिळमिळीत वाक्य मी जन्मात बोललेले नाही. मी तुला सांगत आले ते एवढंच की पडूच नको. आणि मी म्हणे फार गोड बोलायची. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. जिवंत होते तोवर तुला माझं एक भांडं दूध दिसलं नाही.

इकडची खबर देते. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. लिहिता येतं, वाचता येत नाही. हे चादरींवर खुणा करायच्या जाड पेनाने लिहिते आहे, ओळीवर ओळ चढली तर समजून घे. आलेली पत्रं धाकटी मोठ्याने वाचून दाखवते. तुझं नाव ती एकोणीस वर्षं तोंडाने घेत नाही हे तुला ठाऊक आहे, पण पत्र आलं तर वाचते, दवाखान्याची यादी वाचावी तसं. एक शब्द गाळत नाही. तिचा डावा हात होता तसाच आहे, कोपरात काटकोनात बसलेला. उजव्याने इस्त्री फिरवते ती मात्र अशी की दोन हातवालीने लाजावं. फक्त मोठ्या चादरीची घडी तिला एकटीला होत नाही. एक टोक ती धरते, दुसरं मी.

तुझी आई तुम्हा दोघींना माझ्या दारात ठेवून गेली तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि धाकटी पाच. तेव्हाही मी मेले नव्हते. ज्युदोची पदकं आणलीस तेव्हाही मेले नव्हते. आता खेळ सोडून निवडणुकीला उभी राहिलीस आणि लगेच माझी गरज संपली?

पुढच्या सभेत उभी राहून सांग की आजी जिवंत आहे. बाकी सगळं ठीक.

लोभ असो नसो, मी आहे.

आजी


ता. ११ ऑक्टोबर

आदरणीय मतदार भगिनी,

स. न. वि. वि.

आपले दि. ६ चे पत्र मिळाले. ताईंच्या आजींच्या दुःखद निधनाबद्दल आपण व्यक्त केलेल्या भावनांबद्दल ताई आपल्या ऋणी आहेत. आपल्यासारख्या असंख्य माता-भगिनींमध्येच त्या आता आपली आजी पाहतात. दिवंगत आजींचे स्वप्न पूर्ण करण्यासाठी आपले एक मत अमूल्य आहे. सोबत ताईंचा स्वाक्षरी केलेला फोटो पाठवीत आहोत.

आपला स्नेह असाच राहावा, ही विनंती.

प्रमुख, ताईंची प्रचार कचेरी


ता. १४ ऑक्टोबर

चि. थोरलीस,

आशीर्वाद मागच्या पत्रात दिले होते ते अजून शिल्लक असतील.

तुझ्या कचेरीतल्या कुणा टायवाल्याने माझ्या मरणाबद्दल माझंच सांत्वन केलं. धाकटीने ते वाचलं आणि नाकातून हसली. किती वर्षांनी हसली ते सांगू नको म्हणाली, म्हणून सांगत नाही. फोटोही पोचला. पांढरा डगला घालून तू कुणा बिचारीला डोक्यावरून फेकते आहेस, आणि खाली तुझी सही. इस्त्रीच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली बरोबर बसला.

बये, तुला पत्र लिहायचं तर ते आधी कुणा परक्याच्या हातात पडणार असेल, तर तसं सांग. मग मी जरा नटूनथटून लिहीन. फोन मी करत नाही, कारण फोनही तोच उचलतो. ताई बैठकीत आहेत म्हणतो. तू कधी उभी असतेस का?

एक गोष्ट नीट ऐक. पुढच्या महिन्यात दोन तारखेच्या रविवारी मोठ्या मैदानावर तुझी सभा आहे, भिंतीभिंतीवर लिहिलंय म्हणे. मी येणार आणि पुढच्या रांगेत बसणार. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि मी काही झाकून ठेवण्याएवढी लहान नाही. त्याआधी तू आपणहून सांगितलंस तर तुझी अब्रू राहील. नाहीतर मी माझ्या पायांनी येऊन माझं जिवंतपण दाखवीन.

या वेळी उत्तर तुझ्या हातचं पाहिजे. टायवाल्याच्या हाताने मरण आलं ते पुष्कळ झालं.

अजून न मेलेली,
आजी


ता. १८ ऑक्टोबर

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि. आणि दोन्ही कान पकडते.

हे मी स्वतः लिहिते आहे, गाडीत बसून, म्हणून अक्षर असं. तू रागावणार हे माहीत होतं. न रागावलीस तर मीच काळजीत पडले असते.

झालं ते असं. भाषण लिहून देणाऱ्याने मला घाईत विचारलं की आजी आहेत का, मी म्हटलं आता कुठली आजी नि कुठलं काय, म्हणजे घरी जाणं होत नाही अशा अर्थाने. त्याने दिवंगत लिहून टाकलं. मी कागद हातात आला तसा वाचला. आणि आजी, सगळं मैदान गप्प झालं. तिसऱ्या रांगेत एक बाई डोळे पुसायला लागली. समोरच्याचा तोल गेला की तो आधी आपल्या पायांना कळतो, डोक्याला मागाहून. तसं कळलं मला. तोल गेलेला माणूस हातात आला तर कोणी सोडतं का? मला सोडायला शिकवलेलं नाही, हे तूही जाणतेस.

चार वर्षांपूर्वी गुडघा गेला आणि मी खेळ सोडला, तेव्हा एक पुष्पगुच्छ मिळाला आणि क्रीडा खात्यात खिडकीपाशी एक टेबल. पदकं काचेच्या कपाटात गेली आणि मी कपाटाबाहेर राहिले. लिफ्टमधल्या माणसाने मला कितवा मजला म्हणून विचारलं, तीन वर्षं रोज. आता रस्त्याने जाते तर लोक खिडक्या उघडतात. हे मी पुन्हा बंद होऊ देणार नाही. तुला समजेल.

तेव्हा माझं एवढं ऐक. मतदान नऊ नोव्हेंबरला आहे. तोवर घरातच राहा, दुकानाचं शटर अर्धं ठेव. नंतर तुला जिवंत करू. टायवाला म्हणतो (नाव छान ठेवलंस, आता सगळी कचेरी त्याला तेच म्हणते) की चुकीची बातमी विरोधकांनी पसरवली असं सांगता येईल.

दुसरं काम धाकटीचं. माझ्याविरुद्ध उभा आहे तो आपल्या ज्युदोच्या हॉलचा तेव्हाचा मॅनेजर. मी सभांत सांगते आहे की त्याच्या काळात मॅट फाटलेल्या होत्या, फटीत माझ्या बहिणीचा हात अडकला आणि मोडला. लोक विचारतात की बहीण कुठे आहे. दोन तारखेच्या सभेत तिने स्टेजवर यायचं, बाही वर करायची, एवढंच. बोलावंही लागणार नाही.

तुझ्या मायेची सवय झालेली,
थोरली


ता. २१ ऑक्टोबर

चि. थोरलीस,

तुझं पत्र धाकटीने वाचलं. बाही वर करण्यापाशी आली तेव्हा ती कागद दुसऱ्या हातात घ्यायला गेली आणि मग आठवलं की दुसरा हात तिथवर पोचत नाही. पुढचं टेबलावर ठेवून वाचलं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मॅट फाटलेली होती म्हणे! त्या मॅटवरचं कापड दर आठवड्याला मीच धुवायची. तुम्हा सगळ्यांच्या डगल्यांचं गाठोडं न्यायला यायची आणि बाकावर बसायची. एवढासा उसवा असता तरी माझ्या हाताला लागला असता. तो मॅनेजर लुच्चाच होता, हॉलचे बल्ब घरी न्यायचा, पण हे पाप त्याचं नाही.

काय झालं ते मी बघितलंय. तू धाकटीला खाली घेतलंस, तिचा डावा हात आपल्या दोन मांड्यांमध्ये ताणून धरलास आणि कंबर वर उचललीस. तिने उजव्या हाताने मॅटवर थापा मारल्या. समोरच्याने थाप मारली की त्या क्षणी सोडायचं, हा तुमच्या खेळाचा पहिला नियम. पाच वर्षांच्या पोरांनाही आधी तोच शिकवतात, पाडायचं कसं ते नंतर. धाकटीने तीन थापा मारल्या. तू सोडलं नाहीस. मग आवाज झाला, ओलं लाकूड मोडल्यासारखा.

झाकली मूठ म्हणून मी एकोणीस वर्षं गप्प बसले. पण झाकायचं ते झाकावं, त्याची मिरवणूक काढू नये. ज्या हाताचं तू वाटोळं केलंस तोच वर धरून मतं मागणार? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

रविवारी मी येणार ते आता नुसतं जिवंतपण दाखवायला नाही. सगळ्यांसमोर सांगेन की मॅट धड होती आणि हिने सोडलं नाही. मग बघू तिसऱ्या रांगेतली बाई कुणासाठी डोळे पुसते.

धाकटी स्टेजवर येणार नाही. मी तिला विचारलेलंही नाही.

आता आशीर्वाद नाहीत.

आजी


ता. २५ ऑक्टोबर

ती. आजीस नमस्कार. पण हे पत्र तिच्यासाठी नाही.

धाकटे, हे तूच वाचते आहेस. आजीला दिसत नाही, तिनेच लिहिलं. तू गाळत नाहीस तेही तिनेच लिहिलं. तेव्हा मोठ्याने वाच आणि मध्ये थांबू नकोस. थांबलीस तर ती म्हणेल की पुरे, आता कपडे भिजव. आणि मग तुला कधीच कळणार नाही.

तू थापा मारल्यास. बरोबर. तीन मारल्यास, हेही बरोबर. पहिल्या थापेला माझी पकड सैल झाली होती. तुला ते जाणवलं असेल, नसेल तर आता आठवून बघ. तेवढ्यात बाकावरून आजी ओरडली. नाटकं करतेय ती, सोडू नको, असं ओरडली. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि बोटाने दाखवलंही. तेव्हा सर पाण्याच्या टाकीकडे गेले होते, बाकीच्या मुली कपडे बदलायला. ऐकणारी मी एकटी. तू ओरडत होतीस, तुला काय ऐकू येणार.

मी सतरा वर्षांची होते. आजीने सांगितलं की करायचं, या घरात आपल्याला दुसरं काय शिकवलं होतं?

दवाखान्यात तू आत असताना तिने मला भिंतीशी उभं करून बजावलं की जे झालं ते तुझ्या हातून झालं, माझं नाव मध्ये आणायचं नाही, आणि आठ दिवसांनी संघाची निवड आहे तिकडे लक्ष दे. मी दिलं. गेले, जिंकले, दूर गेले. तू तिच्यापाशी राहिलीस आणि एकोणीस वर्षं मला मनातल्या मनात शिव्या घातल्यास. त्यातल्या निम्म्या चुकीच्या पत्त्यावर आल्या.

आजी, आता तुला. खुशाल ये रविवारी. सांग सगळ्यांना. पण सांगायचं तर पूर्ण सांग.

धाकटे, मी चांगली आहे असं म्हणत नाही. पण माझ्याकडे तुला इस्त्री करावी लागणार नाही. कचेरीत खुर्ची आहे, राहायला खोली आहे, खिडकी रस्त्यावर उघडते. दोन तारखेला सकाळी नऊला गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी राहील. आलीस तर ये.

लोभ मागत नाही. ज्याचा त्याने बघावा.

थोरली


ता. २८ ऑक्टोबर

थोरलीस,

वाचलं. एक शब्द गाळला नाही. वाचून झाल्यावर मी आजीकडे बघत राहिले. तिने विचारलं की इस्त्रीचं बटण बंद केलंस का. दुसरं काही विचारलं नाही, आणि तसं नाही झालं असंही म्हणाली नाही. मी बटण बंद करून आले.

मग मीच विचारलं की ओरडलीस का. ती म्हणाली की ओरडले. का, ते विचारलं तेव्हा म्हणाली की चादरी ओल्या आहेत, आधी त्या.

त्या दिवसापासून आम्ही बोललेलो नाही. चादरी मात्र घडी करतो, त्याला बोलावं लागत नाही.

गाडी पाठव. हात दाखवीन. तू मला लाडकी झालीस असं समजू नको. तूही सोडलं नव्हतंस. पण दोघींपैकी एकीचंच तोंड बघणं मला झेपेल, आणि तू निदान लिहून तरी कळवलंस.

सामान फार नाही. एक पेटी.

धाकटी


ता. १२ नोव्हेंबर

थोरलीस आणि धाकटीस, दोघींस एकत्र लिहिते, कारण आता तुमचा पत्ता एक झालाय.

खुशाली विचारत नाही. निवडून आलीस ते भोंग्यांवरून कळलं, दोन तास वाजत होते. एका गाडीने तर मुद्दाम आपल्या गल्लीत वळून वाजवला. शिंपीण पेढ्याची पुडी घेऊन आली. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला गोड चालत नाही.

त्या रविवारचं मी बोलणार आहे, कारण तिथे मला बोलू दिलं नाही.

धाकटी नऊला गेली. पेटी दाराशी टेकवून दोन मिनिटं उभी होती. मी काही म्हणेन असं वाटलं असेल. मी म्हटलं नाही. मग शिंपिणीचा हात धरून मी मैदानावर गेले. दिसत नाही तरी स्टेजवरचा माझा फोटो दिसला, दारापेक्षा मोठा होता, काळ्या चौकटीत, खाली फुलं. फोटोतली मी बरी दिसते. निदान गप्प आहे.

थोरली पुष्कळ बोलली. मग धाकटीला पुढे आणलं, शिंपिणीने कानात सगळं सांगितलं. तिने बाही वर केली आणि हात जाईल तेवढा उचलला. सगळं मैदान हळहळलं, मला तो आवाज ऐकू आला. तेव्हा मी उठले आणि होता नव्हता तेवढा जीव काढून ओरडले की मी हिची आजी, मी जिवंत आहे, मॅट धड होती, हिने सोडलं नाही आणि सोडू नको असं मीच सांगितलं होतं. सगळं पूर्ण सांगितलं, थोरले, तू म्हणाली होतीस तसं. आधी माझं पाप सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या गडबडीत क्रम राहिला नाही.

दोन पोरींनी मला दोन्ही बाजूंनी धरलं. प्रेमाने धरलं, आजीबाई आजीबाई म्हणत. लोक हसायला लागले. कोणी म्हणालं की विरोधातल्या मॅनेजरने पाठवलेली आहे, कोणी म्हणालं म्हातारी भ्रमिष्ट आहे. मग टायवाल्याने, तोच असणार, मधाळ आवाज होता, धाकटीसमोर माइक धरून विचारलं की या बाईंना ओळखता का.

धाकटे, तू लगेच बोलली नाहीस. तेवढ्या वेळात मला वाटलं की बोलशील. तू म्हणालीस की माझी आजी वारली. या कोण ते ठाऊक नाही, ऊन लागलेलं दिसतं, यांना पाणी द्या.

पाणी दिलं. शिंपीण म्हणाली, बाटलीवर थोरलीचा फोटो होता.

शिंपीण माझ्या शेजारी उभी होती. तीस वर्षांपासूनची शेजारीण, तिने सांगितलं असतं तर चार माणसांनी ऐकलं असतं. ती गप्प राहिली. थोरले, तुझ्या पक्षाचे झेंडे शिवायचं काम तिच्याकडे आहे, तिला तरी काय बोल लावायचा. परत येताना हात मात्र घट्ट धरून आणलं. रस्ता खराब आहे म्हणाली.

इथलं काम चाललंय. चादरीचं एक टोक दाराच्या कडीला बांधते आणि दुसरं मी धरते. दवाखान्याने परवा तक्रार केली की घड्या वाकड्या येतात. मी म्हटलं, रोगी आडवेच झोपतात ना, मग?

आता मुद्द्याचं. थोरले, तू त्या पत्रात लिहिलंस ते खरं, पण अर्धं. उरलेलं तुला ठाऊकच नाही, तर तू कुठून लिहिणार. आता कोणी मला जिवंत धरत नाही तेव्हा बोलायला हरकत नाही.

धाकटीच्या थापा मला नाटक वाटल्या नव्हत्या. नाटक कुठलं आणि खरं कुठलं हे न कळण्याइतकी मी तेव्हाही आंधळी नव्हते. पहिली थाप ऐकली तेव्हाच कळलं की हात आता जातो. कळलं, आणि मग ओरडले.

तुम्हा दोघींची वजनं दर शनिवारी मीच करायची, कपडे तोलायच्या काट्यावर. वजनगट एक आणि जागा एक. आठ दिवसांनी निवडीत तुम्ही दोघी समोरासमोर येणार होतात आणि धाकटी तुला पाडणार होती. खोटं वाटून घेऊ नको. सहा महिने ती तुला पाडत होती, फक्त सर बघत नसताना, कारण तू मोठी म्हणून तिला लाज वाटायची. त्या एका दिवशी ती खाली आली, तेसुद्धा तिने होऊ दिलं म्हणून. ती निवडीला गेली असती तर जिंकली असती. जिंकली असती तर गेली असती, तू गेलीस तशी. आणि गेलेलं माणूस परत येत नाही, हे मला तुमच्या आईने शिकवलं होतं.

मला एक घरात पाहिजे होती. काम करायला म्हणून नाही, काम तूही केलं असतंस, अंगाने तू जास्त दांडगी. मला ती पाहिजे होती. तुझ्यावाचून माझं चाललं असतं. चाललंही.

एवढ्यासाठी मी ओरडले. हात मोडेल, चार महिने घरी राहील, मग बरा होईल, असं मनात धरलं होतं. तो काटकोनात बसेल असं धरलं नव्हतं. तेवढी माझी चूक. बाकी सगळं मी समजून उमजून केलं, आणि मला एकोणीस वर्षं ती मिळाली. पाच वेळा तिला लग्नाची मागणी आली ती मी परतवली, तेही तिला ठाऊक नाही, आता झालं. दुसऱ्या कुणाला ही एकोणीस वर्षं वाईट वाटतील. मला वाटत नाहीत.

हे सांगून माफी मागत नाही. मागून हात सरळ होणार असता तर तेव्हाच मागितली असती. आणि मला न ओळखल्याचा रागही धरत नाही. धाकटे, तुझ्या जागी मी असते तर पाणीसुद्धा देववलं नसतं.

मला फक्त विचारायचं आहे. हे सगळं कळल्यावर तू परत येतेस की नाही. वाचून दाखवायला इथे आता शिंपीण आहे, म्हणून पसारा लिहू नको, हो किंवा नाही एवढंच लिही. हे उत्तर धाकटीने द्यायचं, तिच्या स्वतःच्या हाताने. थोरले, तू मध्ये एक अक्षर लिहायचं नाहीस. तुला मी काही विचारलेलंच नाही.

आजी